निसर्ग वादळानंतर एक वाडी सावरताना

पार्श्वभूमी

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा आणि पुढे दापोली-मंडणगडपर्यंत घरांची कौलं-पत्रे उडाले, विजेचे खांब झोपले, मोबाइलची रेंज गेली. त्यात टाळेबंदी होती. मुंबईहून आलेले चाकरमानी गावातच अडकलेले, बाहेरून मजूर आणायचा तर परवानगीचा प्रश्न.

इथे मांडलेलं प्रकरण श्रीवर्धन तालुक्यातल्या एका किनारी गावातल्या वाडीचं, म्हणजे घरच्या बागेचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वाडी साधारण चाळीस गुंठ्यांची. मुख्य पीक श्रीवर्धनी रोठा सुपारी, मधेमधे माड, काही पोफळींवर (सुपारीच्या झाडांवर) मिरवेल, सावलीत जायफळ आणि मागच्या कडेला आंब्याची कलमं व दोन जुने रायवळ. वाडी कसणारे मालक सत्तरीकडे झुकलेले. सोबत पत्नी आणि टाळेबंदीत नोकरी डळमळीत झाल्याने गावी आलेला मुलगा. सातबाऱ्यावर मात्र मुंबईतल्या दोन चुलत भावांचीही नावं. कोकणात हे नेहमीचंच, पण पुढे याच नावांनी बराच वेळ खाल्ला.

परिसरातल्या तरुणांचा आणि काही कृषी पदवीधरांचा आमचा गट पडझड झालेल्या वाड्यांमध्ये मदतीला जात होता. ही वाडी निवडून लिहिण्याचं कारण एवढंच की वादळानंतरच्या कामात जे जे अडतं, ते जवळजवळ सगळं इथे एकाच गडग्याच्या आत अडलं.

अडचण

नुकसान डोळ्यांना दिसत होतं. निम्म्याहून जास्त पोफळी मधोमध मोडलेल्या किंवा मुळासकट उपटलेल्या, एकीवर एक तिरक्या रचल्यासारख्या. माड त्यामानाने कमी पडले, पण जे पडले ते जायफळांवर. मोटरच्या खोलीचे पत्रे विहिरीत. विजेची तार कुंपणावरून वाडीत आलेली आणि झावळ्यांखाली दिसेनाशी झालेली.

न दिसणारी अडचण घाईची होती. सुपारी लावल्यापासून हाताशी यायला सहा-सात वर्षं जातात, त्यामुळे मालकांच्या वयाचा माणूस पडलेल्या वाडीकडे बघून काय हिशोब मांडत असेल, ते सांगायला नको. ते वादळाच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच कोयता घेऊन आत शिरले होते. पायात रबरी चप्पल. मुलगा मागून ओरडत होता, “बाबा, तार कुठे पडलीय ते तरी बघू द्या!” त्यांचं उत्तर, “लाइन बंद आहे रे सगळ्या गावाची, कसली तार घेऊन बसलायस!”

लाइन बंद होती हे खरं. पण शेजारच्या दोन घरांत भाड्याचे जनरेटर आले होते आणि एका घरात त्याची वायर सरळ बोर्डाच्या सॉकेटमध्ये खोचलेली होती, मेन स्विच तसाच चालू. असा जनरेटर घरातून उलटा बाहेरच्या लाइनीत वीज सोडतो, ट्रान्सफॉर्मरमधून ती चढ्या दाबानेही जाऊ शकते, आणि गावभर ‘मेलेली’ समजली जाणारी तार जिवंत होते.

शिवाय पाऊस दाराशी होता. ११ जूनला मोसमी पाऊस कोकणात आलाही. म्हणजे उचलून उभी करता येतील अशा झाडांसाठी जेमतेम आठवडा हाताशी होता, आणि उघडी पडलेली मुळं त्याआधीच सुकायला लागली होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय स्वतः चालून आला. एक ठेकेदार जेसीबी आणि चेनसॉवाली टोळी घेऊन गावात फिरत होता. त्याची बोली सोपी: लाकूड माझं, वाडी मोकळी तुमची, पैसे द्यायचे नाहीत. दोन-तीन दिवसांत काम. थकलेल्या घराला हे ऐकायला गोड वाटतं, आणि गावातल्या बऱ्याच जणांनी ते स्वीकारलंही. आमचा विरोध दोन कारणांनी होता. ओल्या जमिनीवर जेसीबी फिरला की माती दडपते, पाट फुटतात आणि पडलेल्या झाडांखाली तगून राहिलेली रोपं चिरडली जातात. दुसरं म्हणजे पंचनाम्याआधी वाडी मोकळी झाली तर दाखवायचं काय?

दुसरा पर्याय होता पंचनामा होईपर्यंत कशालाच हात न लावण्याचा. मालकांच्या एका नातेवाइकाचा यावर फार जोर होता. कागदाच्या दृष्टीने सुरक्षित, पण तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असे तिघे एकत्र यायचे, आणि त्यांच्याकडे गावंच्या गावं होती. तोवर कलमं मेली असती.

तिसरा मार्ग टप्प्याटप्प्याचा होता. आधी धोका काढायचा, मग नोंद करायची, मग जगण्यासारखं वाचवायचं आणि मेलेलं सगळ्यात शेवटी तोडायचं. यात अडचण अशी की पहिले काही दिवस वाडी बाहेरून बघणाऱ्याला जशीच्या तशी दिसते. शेजारची वाडी साफ होत असताना आपल्याकडे चार कलमांना टेकू लावणं चाललंय, हे मालकांना पटवणं सोपं नव्हतं. शेवटी पटलं ते मुलाच्या एका वाक्याने: “बाबा, मेलेली पोफळ आठ दिवसांनी तोडली तरी मेलेलीच राहणार आहे.”

तिसरा मार्ग घेतला, पण त्यात पहिल्याचा थोडा भाग मिसळला. मोठी खोडं कापायला चेनसॉवाला रोजावर बोलवायचा, ठेक्यावर नाही. ठेक्यावरचा माणूस भराभर कापतो; रोजावरच्याला थांब म्हणता येतं.

काय केलं

*तार आणि जनरेटर.* पहिला दिवस कापाकापीविना गेला. तार नेमकी कुठे आहे हे बाहेरूनच हेरलं, त्या भागाला दोरी बांधली आणि महावितरणचा वायरमन येऊन तार सोडवून बाजूला करेपर्यंत तिथे कोणी जायचं नाही असं ठरवलं. शेजाऱ्यांकडे जाऊन जनरेटरची जोडणी बदलायला सांगणं हे नाजूक काम होतं. “आमच्या घरात आम्ही काय करायचं ते तुम्ही सांगणार?” असा सूर निघालाच. वायरमनने लाइनवर चढायला नकार दिला तेव्हा कुठे मेन स्विच खाली आला. गावात कोणाचं ऐकतात, कोणाचं नाही, हे ओळखून निरोप त्याच माणसाकरवी पाठवावा लागतो.

*नोंद.* मुलाने वाडीचे चार कोपरे आणि प्रत्येक रांग अशी क्रमाने छायाचित्रं काढली. प्रत्येक पडलेल्या झाडाच्या बुंध्यावर चुन्याने आकडा घातला: माड वेगळे, पोफळी वेगळ्या, जायफळ वेगळं. छायाचित्रात आकडा दिसेल असं बघितलं. यात एक दिवस गेला आणि घरच्यांना तो वाया गेल्यासारखा वाटला. पंचनाम्याची मंडळी आली तेव्हा बरीच खोडं कापून झाली होती, तरी आकडेवारीवर वाद झाला नाही.

*काय जगेल, काय नाही.* माड आणि पोफळ यांना वाढीचा कोंब एकच, तोही शेंड्याला. शेंडा मोडला की झाड संपलं, खोड कितीही हिरवं दिसो. मालकांना हे अर्थातच आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं, तरी शेंडे मोडलेल्या दोन माडांना त्यांनी हात लावू दिला नाही. ते माड तसेच ठेवले. घरावर पडण्यासारखे नव्हते.

उलट आंब्याच्या कलमांबाबत ते लवकर निराश झाले होते. खारा वारा लागून पानं करपली, तपकिरी झाली, म्हणून झाड मेलं असं सगळ्या गावाचं मत झालं होतं. फांदीची साल नखाने खरवडून आतला हिरवा थर दाखवला तेव्हा विश्वास बसला. कलंडलेल्या कलमांची एका बाजूची मुळं जमिनीत शाबूत होती. त्यांचा पसारा निम्म्याच्या आसपास छाटला, उपटलेल्या बाजूचा खड्डा सैल केला, तुटकी मुळं धारदार सुरीने सरळ कापली आणि दोरीने हळूहळू, एका दमात नाही, झाड उभं केलं. दोरी खोडाला जिथे लागते तिथे गोणपाट गुंडाळलं. कापांवर बुरशी लागू नये म्हणून बोर्डो पेस्ट, बुंध्याला मातीची भर, तीन बाजूंनी बांबूचे टेकू. कोवळे कवाथेही (माडाची लहान झाडं) असेच उभे केले. मोठा माड उभा करण्याच्या भानगडीत पडलो नाही.

*खोडं कापणं.* सगळ्यात धोक्याचं काम हेच, आणि इथेच जवळजवळ अपघात झाला. वादळाने पाडलेलं झाड जंगलात तोडलेल्या झाडासारखं निवांत पडलेलं नसतं. त्यात ताण भरलेला असतो. दोन टेकांवर वाकलेल्या खोडाची एक बाजू दाबलेली असते, दुसरी ताणलेली. ताणलेल्या बाजूने थेट करवत घातली तर खोड फाटून उसळतं. म्हणून दाबलेल्या बाजूला आधी उथळ काप, मग ताणलेल्या बाजूने बेताने, असा क्रम. चेनसॉवाल्याला हे ठाऊक होतं. माडाचं खोड करवतीची धार फार लवकर खातं हेही त्याला ठाऊक होतं, म्हणून तो वरचेवर थांबून साखळीला कानस मारत होता. बोथट साखळीवर जोर लावला की करवत उसळते.

पण मुळांच्या चकतीचा विचार कोणी केला नव्हता. रायवळ आंबा मुळासकट उलथला होता, मातीने भरलेली मुळांची भिंत पुरुषभर उंच उभी आणि तिच्यामागे खड्डा. मुलगा त्या खड्ड्यात उतरून तुटलेला पाइप शोधत होता. तो बाहेर आला, चहा प्यायला गेला, आणि खोड बुंध्यापासून दोन हातांवर कापलं गेलं. वरचं वजन सुटताच बुंधा मुळांसह धाडकन मागे उलटून खड्ड्यात बसला. पाइपाचा तुकडा अजून तिथेच आहे.

त्यानंतर काम तासभर थांबलं आणि नियम ठरले. खड्ड्यात कोणी उतरायचं नाही. बुंधा लांब ठेवायचा आणि कापण्याआधी दोरीने बांधायचा. करवत चालू असताना एक माणूस फक्त बघायला उभा राहील, त्याच्या हातात दुसरं काम नाही. त्याने तीन शिट्ट्या मारल्या की करवत बंद. उन्हं कलल्यावर करवत उचलायची नाही. चेनसॉवाल्याला बाइकचं हेल्मेट दिलं तेव्हा त्याला शिट्टी ऐकू येईना, म्हणून शिट्टीबरोबर लाल फडकं हलवायचं ठरलं. कामाच्या ठिकाणी ठरलेले असे नियम चांगले पाळले जातात. छापील सूचना कोणी वाचत नाही.

*विंचू, साप, ताप.* झावळ्यांचे ढीग हाताने उचलायचे नाहीत, आकडीने ओढायचे, हे मालकिणीने सुरुवातीलाच सांगितलं होतं. फुरसं ढिगाखाली सापडलं, चावलं कोणालाच नाही. एका गड्याला विंचू डसला. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून रायगडात यावर उपचार कसा करायचा हे डॉक्टरांना नीट माहीत आहे. प्रश्न एवढाच असतो की माणूस किती लवकर पोचतो. रस्त्यांवर झाडं पडलेली असताना दुचाकी कुठून जाईल हे आधी बघून ठेवलेलं कामी आलं.

ताप मात्र लपवला गेला. चिखलात अनवाणी काम करणाऱ्या एका गड्याला कणकण, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल. ही लक्षणं कोकणातल्या पावसाळ्यात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) शंका घेण्याजोगी. पण ते साल करोनाचं. ताप सांगितला तर उचलून विलगीकरणात टाकतील या भीतीने तो दोन दिवस घरी पडून राहिला. त्याच्या बायकोने मालकिणीला सांगितलं, मालकिणीने मुलाला, आणि मग तो प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचला. उपचारांनी बरा झाला. त्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने चिखलात काम करणाऱ्या सगळ्यांना लेप्टो टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन हे औषध मिळालं आणि गमबूट नसलेल्याला चिखलात पाठवणं बंद झालं. पायाला जखम असलेल्याला कोरड्यावरचं काम.

*विहीर.* पत्रे आणि पाला कुजून पाण्याला वास येत होता. एक जण कमरेला दोर बांधून उतरायला तयार होता. त्याला उतरू दिलं नाही. कुजणाऱ्या पाल्यामुळे आत प्राणवायू कमी असू शकतो आणि बेशुद्ध माणसाला काढायला उतरणारा दुसराही जातो. बादली काढायचा गळ दोराला बांधून पत्रे वर ओढले, पाला जाळीने काढला, जनरेटरवर पंप लावून पाणी उपसलं. जनरेटर उघड्यावर, विहिरीच्या काठापासून दूर. नंतर ब्लीचिंग पावडर टाकली. तोवर प्यायचं पाणी टँकरचं, तेही उकळून.

निष्पत्ती

उभी केलेली बहुतेक कलमं जगली. कवाथ्यांपैकी काही गेले. त्यांचा कोंब पावसात कुजला. गंभीर इजा कोणालाही झाली नाही. शेजारची जेसीबीने साफ केलेली वाडी आधी मोकळी झाली हे खरंच, पण त्या पावसाळ्यात तिथे पाणी तुंबून राहिलं.

पैशांची बाजू सरळ नव्हती. बागायतीसाठी शासनाने मदत वाढवून हेक्टरी ५०,००० रुपये केली, दोन हेक्टरच्या मर्यादेत. म्हणजे गुंठ्याला ५००. सुपारी २.७ मीटर अंतराने लावली तरी गुंठ्यात तेरा-चौदा पोफळी बसतात, जुन्या वाड्यांत त्याहून दाट, वर माड आणि मसाल्याची झाडं वेगळी. क्षेत्रावर मोजलं की अशी वाडी नेहमीच कमी भरते. झाडाप्रमाणे मदत द्या ही मागणी त्यातूनच उठली आणि पुढे सुपारीला झाडामागे ५० आणि माडाला २५० रुपये असा निर्णय झाला. बुंध्यावरचे चुन्याचे आकडे तेव्हा पुन्हा उपयोगी पडले. पण रक्कम हातात यायला सहहिस्सेदारांची संमती हवी होती. चुलत भावांची हरकत नव्हती, फक्त टाळेबंदीत संमतीपत्रावर सही कोण, कुठे करणार? त्यात बरेच आठवडे गेले.

दोन गोष्टी बिघडल्या. पहिली, खोडांची. पोफळीची बरीच खोडं कुंपणाला आणि मांडवाला गेली, पण माडाची कोणी घेईना. ती वाडीच्या टोकाला रचून ठेवली. कुजणारं माडाचं खोड म्हणजे गेंड्या भुंग्याची वाढीची जागा. अळीची अवस्थाच तीन-चार महिन्यांची, त्यामुळे नवी लागवड जोमात येईपर्यंत भुंगे तयार. कवाथ्यांची पानं त्रिकोणी कातरलेली दिसायला लागली. पानांच्या बेचक्यात निंबोळी पेंड आणि वाळू भरणं, तारेच्या आकडीने भुंगे काढणं हे मागाहूनचे उपाय करावे लागले.

दुसरी, उन्हाची. वाडीचं छत्र गेल्यावर पावसाळाभर काही जाणवलं नाही. ऑक्टोबरात ढग सरले आणि पश्चिमेची तिरपी उन्हं जन्मभर सावलीत वाढलेल्या पोफळींच्या खोडावर थेट पडली. त्या बाजूची साल पिवळी पडून पुढे तडकली. जायफळाचे शेंडे वाळले. वादळातून वाचलेली काही झाडं अशी उन्हाने गेली, आणि मालकांना याचंच दुःख जास्त झालं.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर वर सरकलं. टेकू तेव्हा अजून काढलेले नव्हते. दोन कलमं पुन्हा कलंडली, बाकी उभी राहिली.

पुन्हा करायचं झालं तर

खोडांची सोय कापण्याआधी ठरवायला हवी. गिऱ्हाईक नसेल तर तुकडे करून वाळवणं, सरपणाला देणं किंवा लांब नेऊन टाकणं. ढीग ठेवावाच लागला तर त्यात भुंग्याच्या अळ्या मारणारी मेटारायझियम बुरशी सोडणं आणि जवळ भुंग्यांना वासाने ओढणारा कामगंध सापळा लावणं. पावसाच्या तोंडावर यातलं प्रत्येक काम जड आहे, पण कवाथा पोखरल्यावर करायच्या कामापेक्षा हलकं.

सावलीचा विचार जूनमध्येच. दक्षिण आणि पश्चिम कडेला केळी लगेच लावल्या असत्या तर ऑक्टोबरपर्यंत पानं पसरली असती. उघड्या पडलेल्या पोफळींच्या खोडाला पोफळीच्याच विऱ्या (झावळीच्या बुडाची रुंद आवरणं) बांधता आल्या असत्या. विऱ्यांचे ढीग वाडीत पडलेले होते आणि आपण ते जाळले.

ठेकेदाराला नाही म्हटलं ते या घराला परवडलं, कारण घरात धडधाकट मुलगा होता आणि आमचा गट येत होता. वृद्ध दांपत्य एकटं असतं तर हाच सल्ला दिला असता का, याबद्दल आमच्यात अजून एकमत नाही. माझं मत असं की तिथेही जेसीबी नको, पण मग गावाने पाळीपाळीने माणसं द्यायला हवीत. नुसता सल्ला देऊन निघून येण्यात अर्थ नाही.

ताप सांगणाऱ्याची मजुरी बुडणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. भीती विलगीकरणाची होती तितकीच रोज बुडण्याची होती.

आणि सातबाऱ्यावर चार नावं असतील तर संमतीपत्र वादळाची वाट न बघता करून ठेवावं. या घराने ते त्याच गणपतीत केलं. चुलत भावांपैकी जो गावी येऊ शकला त्याची सही तिथेच झाली, दुसऱ्याची कुरियरने आली.